तुम्ही विचारलंत म्हणून: सवय होते का?

आयसीयूत ड्युटी करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. खानापूरच्या बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत, परवा तर भाजीवाल्या मावशींनी पण विचारलं, "सिस्टर, रोज एवढं बघताय, आता सवय झाली असंल न्हवं?" मी मान हलवून विषय बदलते. आज नीट सांगते.

सवय होते, खरं नको त्याची होते. मॉनिटर सारखा वाजतच असतो, बोटाची क्लिप सरकली तरी वाजतो, पेशंट कुशीवर वळला तरी वाजतो, आणि त्यातले बरेच अलार्म बिनकामाचे निघाले की हळूहळू कान ते सोडून द्यायला लागतो. अलार्म फटीग म्हणतात त्याला. खरा अलार्म पण एक दिवस असाच कानावरनं गेला तर, ही भीती घरी पण सुटत नाही, नाईट करून झोपले असले आणि शेजारी कुकरची शिट्टी झाली तर मी उठून बसते.

सवय झाली नाही ती सांगण्याची. आमच्याकडं सीमाभागात चंदगड, गडहिंग्लज, खानापूरची मराठी माणसं येतात, बैलहोंगल-सौंदत्तीची कन्नड. डॉक्टर विजापूर-बागलकोटकडचे असले तर कन्नड-इंग्लिशमध्ये सांगतात आणि माझ्याकडं बघतात, "सिस्टर, स्वल्प हेळ्री इवर्गे," ह्यांना जरा सांगा. म्हणजे वाईट बातमी त्यांची, खरं ती माणसाच्या कानात जाते माझ्या तोंडून, त्याच्याच भाषेत.

दोन वर्षांमागं पावसाळ्यातली नाईट. चंदगडकडच्या एक आजी, मेंदूत रक्तस्राव होऊन व्हेंटिलेटरवर, सोबत फक्त आजोबा. मी म्हटलं, "आजोबा, आशा कमी आहे." पुढचं बोलणार तेवढ्यात चार नंबरच्या बेडवरून हाक आली, शेतातलं औषध प्यालेला पोरगा, छाती घरघरायला लागलेली. असल्या पेशंटला अ‍ॅट्रोपीन, म्हणजे विषावरच्या उताऱ्याचं इंजेक्शन, दर पाच मिनिटांनी दुप्पट करत न्यावं लागतं, छाती मोकळी होईपर्यंत हलता येत नाही. मी बोलणं अर्ध्यावर टाकून धावले. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागं एक सिस्टर असावी असं धरतात, त्या रात्री माझ्याकडं तिघं होते.

पहाटे बाहेर आले तर आजोबा बाकड्यावर, मांडीवर घडीचं नवं लुगडं, गावाकडनं कुणाच्यातरी हाती मागवलेलं. "घरला नेताना जुनं कसं नेसवायचं?" म्हणाले. त्यांनी 'कमी' ऐकलंच नव्हतं. सहा वाजता आजी गेल्या. लुगडं मीच नेसवलं.

चार नंबरचा पोरगा वाचला, म्हणजे मी गेले ते बरोबरच होतं, हे मला कळतं. तरी लुगडं डोळ्यासमोरून हलत नाही. काय करायला पाहिजे ते माहीत असून करता येत नाही, ह्या घुसमटीला अँड्र्यू जेम्टन ह्या अमेरिकन तत्त्वज्ञांनी १९८४ मध्ये मॉरल डिस्ट्रेस असं नाव दिलं, ते मला पुढं एका ट्रेनिंगमध्ये कळलं आणि एकदम रडू आलं. बर्नआउटला, म्हणजे कामानं पार पिचून जाण्याला, पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आजार म्हटलेलं नाही, कामाच्या ठिकाणी न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हटलंय. कामाच्या ठिकाणी, हे शब्द महत्त्वाचे. आम्हाला मात्र योगा करा, मन घट्ट करा, एवढंच सांगतात. मन घट्टच आहे हो, हात कमी पडतात.

आता मी सांगून झालं की नातेवाईकांना म्हणते, मी काय सांगितलं ते तुम्हीच मला सांगा बघू. पुष्कळदा वेगळंच ऐकलेलं असतं. मग परत सांगायचं, स्टूल घेऊन, बसून. दहा मिनिटं जातात, आणि तेवढा वेळ माझ्या बेडपाशी दुसरं कुणीतरी उभं पाहिजे. हे मी इन्चार्ज मॅडमना लेखी दिलं. नाईटला एक सिस्टर वाढवून मिळालीय, दिवसाला अजून नाही.