दुसरा बार

शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रं पसरली, बंदूक खोलली आणि कपाळावर हात मारला. नळीच्या मागं येण्याला ब्रेक लावणारी घर्षणाची कडी स्प्रिंगच्या पुढं! ती जड काडतुसांची जागा. तिथं हलकं काडतूस नळीला पुरतं मागं ढकलू शकत नाही, आणि रिकामं काडतूस बाहेर पडत नाही. आणि मी आठ दिवसांपूर्वी अमेरिकेतल्या साउथ डकोटात खिसाभर हलकी काडतुसं घेऊन हिंडत होतो.

तर तो कोंबडा असा वाचला. कापलेल्या मक्याच्या कडेला कुत्र्यानं फेझंट उठवला, रानकोंबड्यासारखा पक्षी. तांबडा, लांब शेपटीचा, ओरडत उठला. पहिला बार शेपटीच्याही मागं गेला. दुसऱ्यासाठी चाप ओढला तर चाप मेलेला, रिकामं काडतूस आतच. कोंबडा निवांत उडत पलीकडच्या बांधावर जाऊन उतरला.

बंदूक ब्राउनिंगची ऑटो-फाईव्ह, सोळा बोअर. १९५८ साली बेल्जियममध्ये हर्स्टालला घडलेली. या हलक्या बंदुकीला कंपनीनंच 'स्वीट सिक्स्टीन' नाव दिलंय. एक पौंड शिशाच्या सारख्या सोळा गोळ्या केल्या तर त्यातली एक हिच्या नळीत बसते, म्हणून सोळा. रुपयाचे सोळा आणे ऐकत वाढलेल्याला हा हिशेब लगेच पटतो. वजन जेमतेम तीन किलो. दिवसभर रान तुडवलं तरी हात भरून येत नाहीत. बार काढला की मात्र हलकेपणाची वसुली खांद्यावर होते. अख्खी नळी बोल्टसकट, म्हणजे काडतुसामागच्या सरकत्या खिट्टीसकट, मागं येते, मग नळी पुढं, मग बोल्ट. खाड्, खट्. लोक या दुहेरी धक्क्याला नाकं मुरडतात. मला त्याशिवाय बार झाल्यासारखंच वाटत नाही.

हिचा जनक जॉन ब्राउनिंग. त्यानं हिचं पेटंट १९०० साली घेतलं. विंचेस्टर या बंदुकांच्या कंपनीनं रॉयल्टी द्यायला नकार दिला. मग तो रेमिंग्टन या दुसऱ्या कंपनीकडे गेला, तर हा भेटीसाठी बाहेर थांबलेला आणि अध्यक्षच हृदयविकारानं गेले. शेवटी गड्यानं बोट पकडली आणि बेल्जियम गाठलं. मला त्याचं कौतुक यंत्रापेक्षा त्या थांबण्याचं जास्त. बंदूक मांडीशी घेऊन दुसऱ्याच्या दारात ताटकळणं मी जवळून पाहिलंय.

आमच्या आजोबांकडे जोडनळी होती. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची, रानडुकरांसाठी. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची. आजोबा नळ्या आणि दस्ता वेगळे करून गोणपाटात गुंडाळत, एसटीत ते गाठोडं खिडकीच्या बाजूला आणि मी मध्ये. ठाण्यात बाकावर तासन् तास. मला लिमलेटच्या दोन गोळ्या, त्यांना पानाची चंची. शेवटी पावती मिळाली की ती चौघडी करून कोपरीच्या खिशात टाकत आणि बाहेर पडता पडता म्हणत, "आता डुकरांका पावती दाखवतंय."

दोन नळ्या असून दुसरा बार त्यांनी काढलेला मला आठवत नाही. "जेका दुसरो बार लागता, तेका पयलोय येणा नाय." त्यामुळं पाच काडतुसं मावणाऱ्या या बंदुकीत मी दोनच घालतो. बरोबरीचे हसतात. त्यांना काय सांगणार? त्या दिवशी तर दोनसुद्धा जास्त झाली.

दसरा इथं नेमका शिकारीच्या हंगामाच्या आगेमागे येतो. दुकानातला झेंडू मी चापाच्या कमानीत खोचतो, कुंकवाचं बोट मात्र दस्त्याला लावत नाही. अक्रोडाच्या लाकडाला डाग पडतो. आजोबांनी असला विचार केला नसता. त्यांच्या दस्त्यावर वर्षानुवर्षांच्या कुंकवाचा काळपट थर होता आणि मला लहानपणी ते रक्तच वाटायचं.

कडी काढून स्प्रिंगच्या मागं बसवली, तेलाचा एक थेंब, जास्त नाही. नळी दोनदा दाबून पाहिली. खाड्, खट्.

आजोबा गेले तेव्हा विधानसभेची निवडणूक होती. जोडनळी ठाण्यातच होती. परवाना नावावर करून घ्यायला कुणी गेलं नाही. काकांना ती कटकट नको होती, आणि मी तोवर इकडं आलो होतो. पावती आईच्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली.