राठ केस, बोरचं पाणी आणि रिपोर्टमधली रिकामी रेघ

आमच्याकडे केस राठ झाले की सगळे उन्हाला बोल लावतात. ऊन आहेच. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या पुढे जातो, कोरडं वारं सुटतं, डोकं उघडं ठेवून बाहेर पडायची सोय नसते. पण माझे केस दिवाळीतही तसेच असायचे आणि पौषातल्या थंडीतही. विंचरले की फुलून यायचे, वेणीतून टोकं बाहेर निघायची, हाताला खरखरीत लागायचे.

पाण्याचा संशय आला तो बहिणीमुळे. ती आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नाशिकहून माहेरी येते तेव्हा तिचे केस मऊ असतात. तिचं तेल, तिचा शाम्पू ती सोबतच आणते. तरी आठवडाभर आमच्या बोरच्या पाण्याने न्हाली की तिच्याही केसांत फणी अडकायला लागते, आणि नाशिकला परतल्यावर दोन-तीन धुण्यांत पुन्हा ठीक. तेल तेच, शाम्पू तोच, डोकंही तेच. बदललं होतं फक्त पाणी.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात. नळाचं पाणी येतं तेव्हा पिण्याचं भरून ठेवतो, बाकी सगळं बोरवर. बादलीच्या कडेला पांढरा थर, तोटीच्या तोंडाशी खडे, पाणी तापवायच्या बंबात आतून पापुद्रे. डोक्याला साबण लावला तर फेस येतच नाही, पांढरट चिकट साय तयार होते. शेजारच्या काकू मला पाहून म्हणाल्या, "काय व्हयनं व माय तुना केसेसले?" आणि कांद्याचा रस, दही, अंडं असं सगळं सांगून गेल्या. दही लावून पाहिलं, त्या दिवसापुरतं बरं वाटलं. पण ते धुवायचं पुन्हा त्याच पाण्याने, मग काय टिकणार?

म्हणून ठरवलं की पाणी नेमकं किती जड आहे ते आकड्यात कळू दे. बोरचं पाणी सरकारी प्रयोगशाळेत तपासायला द्यायचं. यापुढे जे झालं त्याचा राग अजून गेलेला नाही.

पहिल्यांदा गेले तर खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, खाजगी बोरचं पाणी ग्रामपंचायतीच्या पत्राशिवाय घेत नाही. ग्रामसेवक गाठायचे, पत्र लिहून घ्यायचं, शिक्का मारून घ्यायचा, यात किती वेळ जातो ते गावात राहणाऱ्याला सांगायला नको. पत्र घेऊन गेले तर तिथे दुसराच माणूस. त्याने पत्र बाजूला सारलं. "याची गरज नाही, साधा अर्ज करा आणि फी भरा." मग पहिल्याने कशाला पळवलं? याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

अर्जात तपासणीचं कारण विचारलं होतं. मी खरं तेच सांगितलं, केस धुवायला हे पाणी चालतं का ते बघायचंय. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "ताई, केसांसाठी पार्लरमध्ये जा. इथं पिण्याचं पाणी तपासतात." मागची माणसं हसली. मी तिथून हलले नाही. घरात हेच पाणी भांड्यांना, कपड्यांना, आंघोळीला आणि नळ आला नाही की प्यायलाही वापरतो, त्याची तपासणी मागायचा मला हक्क आहे, असं त्याला सांगितलं. शेवटी "घरगुती वापर" असं लिहून अर्ज घेतला.

नमुने दोन द्यावे लागतात. जंतूंच्या तपासणीसाठी त्यांनीच दिलेली निर्जंतुक बाटली, आणि क्षारांच्या तपासणीसाठी आपला स्वच्छ प्लास्टिकचा कॅन. दोन्ही दिले, कॅनवर नाव-गाव लिहून चिकटवलं, दोन्ही तपासण्यांची पावती घेतली. आणि मग वाट बघणं सुरू झालं. फोन उचलत नसत. उचलला तर साहेब मीटिंगला गेलेत, सही राहिली आहे, पुढच्या आठवड्यात या. बसभाडं, दिवसाची मजुरी, उन्हातले हेलपाटे, सगळं माझंच.

रिपोर्ट हातात आला तेव्हा त्यावर शिक्का होता, "पिण्यास योग्य". खाली क्षारांचा सगळा रकाना रिकामा, नुसती आडवी रेघ मारलेली. मी विचारलं, कठीणता, म्हणजे पाण्याचा जडपणा, कुठेय? तर म्हणे, "पिण्यास योग्य आलंय ना, मग अजून काय पाहिजे?" तेवढ्यात टेबलाखाली माझा कॅन दिसला. माझ्याच अक्षरातलं नाव, झाकणावरची चिकटपट्टी जशीच्या तशी. उघडलाच नव्हता! पावती दोन तपासण्यांची, पैसे दोन्हींचे, आणि काम एकाचं. मी पावती काढून टेबलावर ठेवली आणि म्हटलं, आकडा घेतल्याशिवाय जाणार नाही.

आतून एक तरुण मुलगी आली. तिने पावती पाहिली, दुसऱ्या दिवशी ताजं पाणी आणायला सांगितलं आणि ते माझ्यासमोर तपासलं. काचेच्या चंबूत आमचं पाणी घेतलं, दोन-तीन थेंब टाकले तसं ते वाईनसारखं लालसर झालं. मग वरच्या नळीतून थेंब-थेंब ईडीटीएचं, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडणाऱ्या रसायनाचं, द्रावण सोडत राहिली, चंबू हातात फिरवत. बराच वेळ रंग हलेना. मग एका थेंबाला लालसर गेलं आणि निळं झालं. तिने नळीवरचा आकडा वाचला, हिशेब केला. कठीणता लिटरला 560 मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500, सन 2012) स्वीकारार्ह मर्यादा 200 आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात, हेही तिनेच सांगितलं. म्हणजे कागदावर पाणी योग्यच. शिक्का खोटा नव्हता, पण मला हवं होतं ते त्यात नव्हतंच. ज्या कामाला इतके दिवस लावले ते तिने चहा गार व्हायच्या आत केलं. तिचे उपकार मी विसरणार नाही.

तुम्हाला तपासायचं असेल तर अर्जावर "रासायनिक तपासणी, एकूण कठीणता" हे शब्द स्वतःच्या हाताने लिहा आणि पावतीवरही लिहून घ्या. नुसतं "पाणी तपासणी" लिहिलंत तर माझ्यासारखा शिक्का घेऊन याल. आकडा नकोच असेल तर घरी करा: अर्धी बाटली पाणी, त्यात अंगाच्या साबणाचा थोडा कीस, झाकण लावून जोरात हलवा. पावसाच्या पाण्याचीही तशीच बाटली शेजारी ठेवा. पावसाच्या पाण्यात वर दाट फेस आणि बोरच्या बाटलीत दुधाळ पाणी असेल तर बोरचं पाणी जड आहे समजायचं.

आता केसांचं. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसांवर बसतं, साबणाशी मिळून न विरघळणारी साय होते, ती धुतली जात नाही. साबण अल्कधर्मी असल्याने केसाच्या बाहेरचे खवलेही उचलले जातात. म्हणून डोक्याला अंगाचा साबण पूर्ण बंद. शिकेकाई आंबट गुणाची, ती चालते, पण पूड गाळून घ्या, नाहीतर कण केसांत अडकून राहतात.

सगळ्यात जास्त फरक पडला तो शेवटच्या पाण्याने. धुणं बोरच्या पाण्यानेच, पण शेवटचे दोन तांबे गोड्या पाण्याचे, नळाचं किंवा आरओ फिल्टरचं. आठवड्यातून एकदा त्या पाण्यात व्हिनेगर, लिटरला एक मोठा चमचा, त्याहून जास्त नाही. लिंबू थेट डोक्यावर पिळू नका. खायचा सोडा तर अजिबात नको, पाण्याला बरा वाटला तरी केसांना वाईट. तुरटीने गढूळपणा बसतो, कठीणता जात नाही. पाणी उकळून निवू दिलं तर थोडा क्षार तळाशी बसतो, वरचं पाणी अलगद घ्यायचं. सगळा मात्र जात नाही.

आणि हे फार महत्त्वाचं: आरओ फिल्टरमधून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी बायका बादलीत साठवून आंघोळीला वापरतात. त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. ते फरशी पुसायला ठेवा, डोक्यावर घेऊ नका.

शाम्पू घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. डायसोडियम किंवा टेट्रासोडियम ईडीटीए लिहिलेलं असेल तो घ्या. त्या चंबूत कॅल्शियम पकडणारा तोच पदार्थ. महागाची बाटली लागत नाही.

तेल धुण्याआधी लावा, रात्रभर किंवा निदान दोन तास, आणि खोबरेलच. ते केसाच्या आत शिरतं, धुताना केसातली प्रथिनं कमी जातात. धुतल्यावर ओल्या टोकांना जवसाचं जेल: दोन चमचे जवस दोन कप पाण्यात सात-आठ मिनिटं उकळायचं, तार सुटायला लागली की गरम असतानाच गाळायचं. गार झालं की गाळणीतून उतरतच नाही. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं. केस खरखरीत टॉवेलने घासू नका, जुन्या मऊ सुती साडीच्या तुकड्यात दाबून टिपा. फणी मोठ्या दातांची, टोकाकडून वर.

खराब झालेली टोकं कापावी लागली. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, त्यामुळे खरा बदल दिसायला महिने जातात. मुळांकडचे नवे केस मऊ लागले तेव्हा माझी खात्री पटली आणि मन भरून आलं. पाणी बदलूनही केस गळतच असतील, थकवा असेल, तर रक्त आणि थायरॉइड तपासून घ्या, घरगुती उपायांत वेळ घालवू नका.

पावसाळ्यात आम्ही पत्र्याचं पाणी धरतो. पहिल्या पावसाचं सोडून द्यायचं, पत्रा धुऊन निघाला की पिंपात घ्यायचं, वर फडकं बांधायचं. आणि स्कूटीवर जाताना सुती स्कार्फच्या आत सॅटिनचं अस्तर शिवून घ्या. शिंपी दहा मिनिटांत करून देतो.