सहा भोकं

कोथरूडमधली नव्वदच्या दशकातली बिल्डिंग, तिसऱ्या मजल्यावर काका-काकू दोघंच. खालच्या काकूंच्या बाथरूमच्या छताला डाग, शेजारच्या बेडरूमच्या भिंतीचे पोपडे सुटलेले, आणि हे डिसेंबरात, म्हणजे पावसाचा काही संबंध नाही. आम्ही वॉटरप्रूफिंगवाले; आमच्या आधी तिघे येऊन टाइलच्या जॉइंटमध्ये व्हाईट सिमेंट भरून पैसे घेऊन गेलेले. सेक्रेटरी म्हणाले काहीतरी केमिकल मारा आणि संपवा. लोकांना केमिकल म्हणजे अंगारा वाटतो, लावला की झालं.

वरच्या काका-काकूंच्या बाथरूममध्ये बाथटब, पण त्यात आंघोळ कोणीच करत नव्हतं. काकू त्यात पाणी साठवायच्या, सकाळी भरायचा रात्री रिकामा, आणि तिथेच माझी ट्यूब पेटली. दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो, फायबरचा टब त्या वजनाने जरासा खाली बसतो, रिकामा झाला की वर येतो, पण कडेचं सिमेंट ताठ, ते चिरणारच. मग शॉवरचं पाणी भिंतीवरून ओघळून त्या चिरेतून थेट मागे.

काका टब काढायला तयार नव्हते. शेवटी मी म्हटलं तसंच करायचं असेल तर दुसरा माणूस बघा. टब निघाला आणि मागे उघड्या विटा! प्लास्टरच नाही. बिल्डरच्या प्लंबरने आधी टब बसवला, गवंड्याने जेवढं दिसतं तेवढंच प्लास्टर केलं. आत सिमेंटची फाटकी गोणी आणि गुटख्याच्या पुड्या.

पुढचं काम मात्र मी मन लावून केलं. भिंत विटेपर्यंत खरवडली, प्लास्टर केलं, सात दिवस पाणी मारलं. जमीन-भिंतीच्या कोपऱ्यात वाटा मारला, म्हणजे सिमेंटची गोलाई दिली, कारण काटकोनात कोट हमखास तडकतो. मग भिंत ओली करून, वर पाणी दिसणार नाही इतपतच ओली हां, पावडर-लिक्विड कालवून वॉटरप्रूफिंगचा पहिला कोट ब्रशने आडवा, कोपऱ्यांत आणि डायव्हर्टरच्या, म्हणजे पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणाऱ्या कॉकच्या, भोवती जाळी, दुसरा कोट उभा. सात फुटांपर्यंत आणि टबाच्या मागे पार खालपर्यंत. पोरं पावडर अंदाजाने घेतात, मी वजनकाटा घेऊन बसतो, हसतात मला. 48 तास पाणी भरून ठेवलं, पण त्याने जमीनच कळते, भिंत नाही, म्हणून अर्धा तास भिंतीवर पाइप सोडला आणि खालच्या काकूंना छताकडे बघत बसवलं. कोरडं.

मग टाइल. टबाच्या कडेला सिमेंट नाही, सिलिकॉन, आणि ते लावताना टब काठोकाठ भरलेला, म्हणजे सांधा जास्तीत जास्त उघडा असताना भरला जातो. टाइलवाला म्हणाला साहेब तुमचं काहीतरीच असतं.

शेवटच्या दिवशी मी दुसऱ्या साइटवर होतो. आलो तर टबाच्या वर भिंतीला स्टीलचा दांडा! काकांचा गुडघा दुखतो, काकूंनी प्लंबरला सांगितलं, त्याने लावला. दोन टोकांना तीन-तीन, सहा भोकं, आठ एमएमच्या बिटने, टाइलमधून, माझ्या दोन्ही कोटमधून, पार प्लास्टरमध्ये. प्लंबर म्हणतो त्यात काय, टोपी लावलीये ना वरून.

ओरडलो त्याच्यावर, पण टाइलचा रंग, नळ, साबणाचा कोनाडा सगळं मीच तर विचारलं होतं काकूंना. सत्तरी उलटलेली दोन माणसं, टब अडीच फूट उंच, धरायला काही लागेल का हे काही सुचलं नाही. आधी कळलं असतं तर भोकं प्लास्टरलाच पाडून वरून कोट घेता आला असता. दांडा काढला, भोकं सुकवली, सिलिकॉन भरलं, ओलं असतानाच प्लग ठोकला आणि स्क्रू पिळले. आतपर्यंत गेलं का, कोण बघणार.

खालच्या छतावरच्या डागाभोवती मी पेन्सिलने रेघ मारून तारीख टाकली होती. आठ महिने झाले, डाग रेघेच्या बाहेर गेलेला नाही. त्या काकूंना आता गणपतीच्या आधी छत रंगवायचंय. मी म्हटलं, काकू, अजून एक महिना थांबा ना.