टिंबरजॅक २३०, कामाची नोंद: मधला सांधा, ४-५३ इंजिन आणि विंच

तोडलेला ओंडका जंगलातून रस्त्यापर्यंत ओढत आणायचं काम आपल्याकडे गडचिरोलीच्या रानात हत्तींनी केलं. कॅनडातलं ओंटारिओ, क्वेबेक आणि अमेरिकेतलं मेन या पट्ट्यात ते घोड्यांकडून स्किडरकडे गेलं: चार मोठी चाकं, पुढे ब्लेड, मागे विंच (वायररोप गुंडाळून ओंडका ओढणारा ड्रम) आणि मधोमध मोडून वळणारी चॅसी. ओंटारिओतल्या वुडस्टॉकची टिंबरजॅक यंत्रं त्यातली नावाजलेली. ही नोंद १९७० च्या दशकातल्या २३० ची आहे. डेट्रॉइट डिझेलचं ४-५३ इंजिन, गिअरमॅटिक १९ विंच, १८.४-३४ टायर. मधला सांधा आणि इंजिनची सेटिंग झाली, विंच अर्धा झालाय, ब्लेड अजून हातात घेतलेलं नाही.

जुना स्किडर घेताना बहुतेक जण इंजिन ऐकतात, आणि फसायचं पहिलं कारण तेच. विकणारा इंजिन चालू करून दाखवतोच. पण ४-५३ हे या यंत्रातलं सगळ्यात सोपं प्रकरण आहे. ते बोटीत, जनरेटरवर, लोडरमध्ये सगळीकडे बसलं, त्यामुळे लाइनर-पिस्टनपासून गॅस्केटपर्यंत सगळं आजही मिळतं. मधल्या सांध्याची भोकं लंबगोल झाली असतील तर मात्र जागेवर लाइन बोअरिंग (दोन्ही भोकं एका रेषेत कोरून घेणं) करावं लागतं, आणि पैसा तिथे जातो. म्हणून तपासणीचा क्रम असा ठेवा: मधला सांधा, पुढच्या अ‍ॅक्सलचा पाळणा, अ‍ॅक्सलचं ऑइल, विंच आणि शेवटी इंजिन.

सांधा तपासण्याआधी चिंधीने ग्रीस पुसून काढा. ताजं ग्रीस ढिलाई झाकतं. मग ब्लेड जमिनीला टेकवून खाली दाब द्या, पुढची चाकं हलकी होईपर्यंत. दुसऱ्या माणसाने चाकांच्या बाहेर उभं राहून बॅटरीच्या उजेडात वरच्या आणि खालच्या पिनकडे पाहायचं. इंजिन चालू असताना दोन चॅसींच्या मधल्या फटीत कुणीही पाय ठेवायचा नाही. ती फट मिटते तेव्हा माणसाला जागा उरत नाही. दाब देताना आणि सोडताना चॅसीचे कान (पिन ज्यांच्या भोकांतून जाते ते जाड पोलादी पत्रे) एकमेकांपासून किती उघडतात ते दिसतं. नंतर स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवा. चॅसी वळण्याआधी पिन भोकात सरकताना दिसली तर बुश (पिनभोवतीच्या बदलता येणाऱ्या नळ्या) गेलेत. पिन आणि बुश दोन्ही मिळून कानात एकत्र हलत असतील तर मामला मोठा आहे, कारण मग बुशची जागाच झिजलेली असते. कानाभोवती तेवढाच नवा रंग असेल तर तो खरवडून खाली वेल्डिंग आहे का ते बघायलाच हवं.

या यंत्रात वरच्या पिनला साधारण १ मिमी ढिलाई निघाली, खालच्या पिनला ४ मिमीच्या आसपास. खालची पिन नेहमीच जास्त जाते. चिखल तिथे बसतो, आणि तिचा ग्रीस निपल मधल्या शाफ्टच्या आड असतो, त्यामुळे ग्रीस मारणारा वरच्यावर काम उरकतो. इथला निपल उघडला तर आतली वाट वाळून दगड झालेल्या ग्रीसने पूर्ण बंद होती. बंदूक लावली की ग्रीस बाहेरच्या सीलमधून येतं आणि वाटतं, पोचलं. पोचलेलं नसतं.

सांधा खोलण्याचं काम दोन दिवसांचं धरा, त्यातला एक दिवस फक्त साफसफाईचा. पोटाखालचे पत्रे आधी काढायचे. ते जड असतात आणि त्यांवर वर्षानुवर्षांची साल, पाला, डिझेल आणि ऑइल यांचा थर असतो. स्किडर पेटायचं नेहमीचं कारण हा थर, म्हणून तो काढल्याशिवाय गॅस कटर जवळ आणू नये. पत्र्याखाली जॅक लावूनच बोल्ट सोडावेत.

यंत्र सपाट जागी, चाकांना अडणी. पुढची आणि मागची चॅसी सांध्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळ्यांची घोडी रचून वेगवेगळी पेलायची. नुसत्या जॅकवर नाही. बॅटरी काढा. मधला शाफ्ट सोडताना दोन्ही योकवर (शाफ्टच्या टोकांच्या दुहाती सांध्यांवर) सेंटर पंचची खूण करा, कारण बसवताना दोन टोकांचे योक एका रेषेत आले नाहीत तर शाफ्ट थरथरतो आणि क्रॉस लवकर जातात. हायड्रॉलिक होजला रंगीत टेप बांधा, तोंडं बंद करा. स्टिअरिंगचे दोन्ही सिलिंडर चॅसीच्या एका बाजूने सोडले की पिनचा रस्ता मोकळा होतो.

वरची पिन हातोड्याने निघाली. खालची २० टनी जॅकलाही हलली नाही. अशा वेळी कान तापवायचा, पिन नाही. कानाला चहूबाजूंनी गरम केलं, मग पिनच्या मधोमध पाणी सोडलं, पिन आकसली आणि जॅकवर करकरत निघाली. याला फळ आलं नाही तर पिनमध्ये आरपार भोक पाडून लान्सने (ऑक्सिजनच्या जळत्या नळीने) जाळून काढावी लागते, त्यात कानाला इजा होण्याची भीती मोठी.

खालच्या कानाचं भोक मोजलं तर एका दिशेने २ मिमीपेक्षा जास्त वाढलेलं. इथे स्वस्तातला उपाय म्हणून पुष्कळ जण बुशभोवती वेल्डिंग करून मोकळे होतात. ते करू नका. बुश वाकडा बसतो, वरची आणि खालची पिन एका रेषेत राहत नाही आणि नवी पिन एका हंगामात खाल्ली जाते. भोक आतून ७०१८ वेल्डिंग रॉडने भरून घेतलं. जाड पोलाद आहे, म्हणून आधी १०० ते १५० अंश सेल्सिअसपर्यंत गरम करून, एकेक थर समोरासमोर टाकत, आणि काम झाल्यावर गोणपाटाखाली सावकाश थंड होऊ देत. मग वरचं आणि खालचं भोक एकाच बारने, एकाच सेटिंगमध्ये बोअर केलं. लाइन बोअरिंगचा अर्थच तो: दोन भोकं एका रेषेत. वेगवेगळी बोअर केली तर खर्च झाला पण काम नाही झालं.

बुश घट्ट बसण्यासाठी भोकापेक्षा ०.०५ ते ०.०८ मिमी मोठा ठेवला. ड्राय आइसमध्ये ठेवून गार केला की तो हाताने आत जातो; ठोकावा लागत नाही आणि तोंड चेपत नाही. दाबून बसल्यावर बुशचं आतलं माप थोडं आवळतं, म्हणून ते बसवल्यावर मोजून मगच पिन घासायची. पिन आणि बुशमध्ये ०.१५ मिमीच्या आसपास फट ठेवली. बुशमधलं ग्रीसचं भोक कानातल्या वाटेसमोर आलंच पाहिजे. तार घालून बघा. कानांमधली उभी फट शिम (पातळ चकत्या) घालून होईल तेवढी कमी करायची, पण हाताने लोटल्यावर चॅसी अडकता कामा नये. खालच्या निपलला लांब नळी जोडून ती बाहेर, चाकाच्या मागे आणून ठेवली. आता ग्रीस मारायला खाली सरपटायची गरज नाही, म्हणजे मारलं जाईल.

पुढच्या अ‍ॅक्सलचा पाळणा याच यंत्रात दुसरी झिजणारी जागा. खडकावर एक चाक चढलं की अ‍ॅक्सल याच पाळण्यात डुलतो. एका बाजूचं चाक उचलून खालून पहार लावली की ढिलाई कळते. इथे ती चालण्याजोगी निघाली, फक्त सील आणि थ्रस्ट वॉशर बदलले.

अ‍ॅक्सलचं ऑइल: डिफरेन्शियल आणि चारही हबचं थोडं थोडं काढून पाहिलं. तीन हब काळे पण स्वच्छ, मागचा उजवा चहासारखा दुधाळ. पाणी गेलंय. सील बदलून, डिझेलने धुऊन, ८५डब्ल्यू-१४० जीएल-५ भरलं. चुंबकी प्लगला राखेसारखी बारीक भुकटी चिकटलेली असेल तर चिंता नाही; टोकदार तुकडा असेल तर हब उघडा.

आता इंजिन. ५३ मालिकेचा अर्थ एका सिलिंडरला ५३ घनइंच, चार सिलिंडरचे २१२, म्हणजे साधारण ३.५ लिटर. हे दोन स्ट्रोकचं डिझेल आहे. ब्लोअर हवा आत ढकलतो, लाइनरमधल्या खिडक्यांतून ती सिलिंडरमध्ये शिरते, आणि हेडमध्ये फक्त एक्झॉस्टचे व्हॉल्व असतात. ब्लॉकवरचा मॉडेल क्रमांक ५०४ ने सुरू झाला तर ४-५३, ५०३ ने झाला तर ३-५३.

याच रचनेमुळे घेणाऱ्याला एक फार मोठी सोय मिळते. ब्लॉकच्या बाजूला एअरबॉक्सची झाकणं असतात. ती काढा, क्रॅंक हाताने फिरवा आणि बॅटरीचा उजेड आत पाडा. खिडक्यांतून पिस्टनच्या रिंगा आणि लाइनरची भिंत डोळ्यांनी दिसते. हेड उघडायचं कारणच नाही. रिंगेच्या कडेवरचे खाचे शाबूत, लाकडी काडीने दाबल्यावर रिंग आत-बाहेर होते, लाइनरवर उभे ओरखडे नाहीत, तर इंजिन चांगलं. रिंग दबतच नसेल तर ती कार्बनमध्ये चिकटली आहे. एअरबॉक्सच्या तळाशी पाण्याचा किंवा कूलंटचा माग दिसला तर लाइनरभोवतालच्या सील रिंगा गळताहेत. इथे दोन नंबरच्या सिलिंडरची वरची रिंग चिकटलेली निघाली, बाकी तीन सिलिंडर ठीक.

ब्लोअरचं इनलेट काढून रोटर पाहा. टोकाकडून मध्याकडे जाणाऱ्या ऑइलच्या ओल्या रेघा असतील तर ब्लोअरचे सील गेलेत. ते ऑइल इंजिन जाळतं, आणि फार झालं तर थांबवायला लिव्हर ओढूनही इंजिन थांबत नाही.

इंजिन हाताबाहेर जाण्याचं दुसरं कारण जास्त आढळतं. चारही इंजेक्टरचे रॅक (डिझेल कमी-जास्त करणाऱ्या दांड्या) एकाच नळीवर जोडलेले असतात. वर्षभर उभं राहिलेल्या यंत्रात एखादा रॅक गंजून उघडा अडकला की तो नळीलाच धरून ठेवतो आणि चौघंही डिझेल ओतत राहतात. म्हणून पहिल्यांदा चालू करण्याआधी झाकण काढून रॅक बोटाने हलवून पाहणं हा नियमच समजा. चारही लोण्यासारखे सरकले पाहिजेत. शिवाय हवेचं आणीबाणीचं झाकण खटका ओढल्यावर पूर्ण बंद होतं का ते तपासा आणि इनलेट झाकता येईल अशी फळी हाताशी ठेवा. हात किंवा कापड लावायचं नाही, ब्लोअर ते ओढून घेतो.

सेटिंगचा क्रम: एक्झॉस्ट व्हॉल्वची फट, इंजेक्टरचं टायमिंग, गव्हर्नरची (वेग आवरणाऱ्या भागाची) फट, रॅकची स्थिती, मग आयडल. क्रम उलटा केला तर आधीचं काम परत करावं लागतं. चार व्हॉल्वच्या हेडला थंड इंजिनवर ०.०२६ इंच, गरम झाल्यावर ०.०२४. जुन्या दोन व्हॉल्वच्या हेडचं माप वेगळं असतं. एन मालिकेच्या बहुतेक इंजेक्टरना टायमिंगची पिन १.४६० इंचांची लागते, तरी इंजेक्टरवरचा शिक्का वाचून मॅन्युअलशी ताडून घ्यावं.

डिझेलच्या छोट्या वाकड्या नळ्या झाकणाच्या आत असतात. नट १२ ते १५ फूट-पौंडांपलीकडे कसू नका. जास्त कसला तर नळीचं तोंड चिरतं आणि डिझेल थेट ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढताना दिसली तर खूश होऊ नका, हेच घडतंय. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं.

ऑइल एकाच ग्रेडचं, एसएई ४०, सीएफ-२ दर्जाचं. आधुनिक १५डब्ल्यू-४० टाकायचा मोह टाळा. जास्त राखेचं ऑइल या इंजिनाच्या व्हॉल्वना आणि खिडक्यांना सोसत नाही. गरम झाल्यावर पूर्ण वेगात दाब ४० ते ६० पीएसआयच्या दरम्यान हवा. इथे ५० च्या आसपास मिळाला. चिकटलेली रिंग तासभर भाराखाली चालवल्यावर सुटली. एअरबॉक्समधून पुन्हा दाबून पाहिली. ४-५३ खरंच गेलेलं असेल तर लोक कमिन्स ४बीटी बसवतात, टाटाच्या ट्रकमधल्या ६बीटीचा चार सिलिंडरचा भाऊ. चांगला पर्याय आहे, पण बेलहाउसिंग, माउंट आणि रेडिएटर तिन्ही बदलतात आणि त्याचा वेग कमी असल्याने यंत्राचा वेगही उतरतो.

विंच ओढत नाही म्हणून लगेच उघडू नका. आधी विंचच्या होजवर प्रेशर गेज लावा. दाबच पुरेसा येत नसेल तर आतले बँड (पकड घेणारे पट्टे) निर्दोष असतात आणि दोष पंपात किंवा व्हॉल्वमध्ये असतो. इथे दाब मिळाला, तरी भाराखाली ड्रम घसरत होता. उघडल्यावर फ्रिक्शन बँडचं अस्तर रिव्हेटपर्यंत झिजलेलं, ब्रेकचा बँड ऑइलने भिजलेला. भिजलेलं अस्तर धुऊन पुन्हा वापरू नये. तापलं की ऑइल पुन्हा वर येतं. दोन्ही बँड आणि शाफ्टचा सील नवा मागवला आहे. वायररोप ५/८ इंचाचा, पोलादी गाभ्याचा. तो नवा असताना साधारण १८ टनांना तुटतो, म्हणून ओढताना मागे जाळी नसेल तर बसूच नये. ड्रमवर निदान ५ वेढे कायम राहिले पाहिजेत. डोक्यावरच्या संरक्षक पिंजऱ्यावर कुणी कापाकापी किंवा भोकं केली असतील तर तो बदलायचा, वेल्ड करून वापरायचा नाही.

टायर हा यंत्राच्या किमतीच्या बरोबरीचा खर्च होऊ शकतो, घेताना तो धरूनच भाव करा. ट्रॅक्टरचे टायर मापात बसतात, पण बुंध्यांच्या खुंटांवर त्यांच्या बाजू फाटतात. स्किडरचे वेगळे येतात. संभाजीनगरजवळ वाळूजला कारखाना असलेली बीकेटीही जंगलाचे टायर बनवते. वजनासाठी ट्यूबमध्ये कॅल्शियम क्लोराइडचं पाणी भरलेलं असेल तर व्हॉल्वभोवतीची रिम आतून पाहा. इथे मागच्या डाव्या रिमला व्हॉल्वच्या भोकापाशी तळहाताएवढी जागा पत्र्यासारखी पातळ झालेली निघाली.

उरलेलं: त्या रिमला नवा तुकडा वेल्ड करायचा, विंचचे बँड बसवायचे, ब्लेडच्या दोन सिलिंडरचे सील बदलायचे. एका रॉडच्या क्रोमवर खड्डे आहेत, नवा सील त्यावर टिकणार नाही, म्हणून तो रॉड क्रोमिंगला जाईल. मधल्या सांध्याची ढिलाई २५ तासांनी आणि १०० तासांनी पुन्हा मोजून इथे लिहू.