गुड न्यूज कधी?

लग्नाला वर्ष झालं की शेजारच्या काकू जे विचारायला लागतात तेच स्कॉटलंडमधल्या एडिनबराच्या झूमधल्या दोन पांडांना अख्खं ब्रिटन विचारत होतं. तियान तियान ही मादी, यांग गुआंग हा नर. डिसेंबर २०११ मध्ये चीनहून खास विमानाने आले, बोली दहा वर्षांची, भाडं वर्षाला साधारण १० लाख डॉलर, आणि पिल्लू झालंच तर तेही चीनचंच. एवढे पैसे मोजल्यावर पाळणा हलावा असं झूला वाटणारच म्हणा.

पण पांडा पडला एकलकोंडा प्राणी. वर्षभर एकमेकांचं तोंड बघत नाहीत, इथेही दोघांची आवारं वेगळीच होती. मादी वर्षातून एकदा माजावर येते तेही जेमतेम दोनतीन दिवस, म्हणून त्याआधी दोघांच्या जागांची अदलाबदल करायचे, निदान वासाने तरी ओळख व्हावी म्हणून. २०१२ ला एकत्र सोडलं, नाही जमलं. मग २०१३ पासून कृत्रिम रेतन सुरू. त्यात पांडाची मादी गाभण आहे की नाही हे कळणं महाकठीण, कारण नसली तरी हॉर्मोन तसेच वाढतात, खाणं कमी होतं, झोप वाढते, सगळं तसंच आणि शेवटी काहीच नाही. २०१३ आणि १४ ला तर ती गाभण आहे असं झूने सांगितलं पण होतं, गर्भ टिकला नाही. मला तिचं जाम वाईट वाटायचं, तिच्या पोटाची बातमी रोज पेपरात!

आणि गंमत म्हणजे चीनमध्ये असताना दोघांनाही दुसऱ्या जोडीदारांपासून पिल्लं झालेली होती. म्हणजे बहुतेक पसंतीचाच प्रॉब्लेम, दुसरं काय. २०१८ ला यांग गुआंगला वृषणाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन करून वृषणं काढावी लागली, तो वाचला हे महत्त्वाचं.

बाकी दिनक्रम काय तर खाणं. आतडी मांसाहारी प्राण्याची आणि खायचा बांबू, त्यातला पाचवा हिस्सासुद्धा धड पचत नाही, त्यामुळे दिवसातले बारा-चौदा तास चघळतच बसायचं. सुरुवातीला बराचसा बांबू नेदरलँड्सहून यायचा. लोक तिकीट काढून हेच चघळणं बघायला यायचे आणि खरं सांगू, मीपण व्हिडिओ लावून तेच बघत बसायचे, पिल्लाबिल्लाची आठवणही नाही यायची.

तिकडे एक जोक फार चालायचा, स्कॉटलंडमध्ये टोरी (म्हणजे ब्रिटनचा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष) खासदार एक आणि पांडा दोन. २०१७ ला टोरींचे १३ निवडून आले आणि जोक बाद झाला, पांडा आपले खातायत. कोविडमुळे मुक्काम दोन वर्षं वाढला आणि डिसेंबर २०२३ मध्ये दोघं चीनमधल्या चेंगडूला परत गेले, जसे आले तसे, दोघंच.