तुम्ही विचारलंत म्हणून: शेवटचा काळ आला आहे का, आणि आपण तयारी कशी करायची?

कुठे युद्ध पेटले, भूकंप झाला किंवा पावसाने मुंबई ठप्प केली, की आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, आणि मंडळीबाहेरचीही माणसे मला हा प्रश्न विचारतात. विचारणाऱ्याच्या आवाजात बहुतेक वेळा भीती असते, म्हणून त्याला एका वाक्यात वाटेला लावणे मला बरे वाटत नाही.

प्रभू येशू पुन्हा येणार आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला तो येईल, असे आपण उपासनेत उभे राहून विश्वासांगीकारात, म्हणजे आपल्या श्रद्धेच्या जाहीर कबुलीत, म्हणतो आणि ते मी मनापासून म्हणतो. मात्र तो दिवस आणि ती घटका स्वर्गातल्या दूतांनाही ठाऊक नाही, असे प्रभूनेच मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 24 व्या अध्यायात सांगून ठेवले आहे. तरीही हिशोब मांडणारे थांबले नाहीत. अमेरिकेत विल्यम मिलर या धर्मोपदेशकांच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस धरला होता आणि त्यांतल्या काहींनी शेतातले उभे पीक तसेच सोडून दिले होते. तिथलेच रेडिओवरचे प्रचारक हॅरॉल्ड कॅम्पिंग यांनी 21 मे 2011 ही तारीख दिली, तेव्हा काहींनी आयुष्यभराची पुंजी त्या प्रचारात घातली. दोन्ही तारखा आल्या आणि गेल्या. अशा गणितात चुकीची बेरीज ही लहान गोष्ट आहे; भाबड्या माणसांचा विश्वास आणि संसार एकाच वेळी मोडतो, याचे मला जास्त दुःख होते.

चिन्हांविषयीही तुम्ही विचारता. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा हाच शेवटचा प्रलय असे म्हणणारे मी ऐकले आहेत. लढाया आणि लढायांच्या आवया ऐकाल तेव्हा घाबरू नका, एवढ्यात शेवट होत नाही, या वेदनांचा तो आरंभ आहे, असे प्रभू म्हणतो. त्या रात्री रस्त्यात अडकलेल्या अनोळखी माणसांना या शहराने घरात घेतले, चहा-बिस्किटे दिली, कोरडे कपडे दिले. संकटात ख्रिस्ती माणसाने काय करावे, हे ज्यांनी शुभवर्तमान कधी उघडलेही नसेल अशांनी त्या रात्री करून दाखवले, असे मला वाटते.

तयारी म्हणजे काय, हे मी प्रभूने सांगितलेल्या दहा कुमारींच्या दाखल्यातून शिकलो. दिवे घेऊन वराची वाट पाहणाऱ्या त्या दहाजणींपैकी पाच जणींनी जास्तीचे तेल बरोबर घेतले होते, पाच जणींनी नाही. आपण पाच शहाण्या आणि पाच मूर्ख एवढेच लक्षात ठेवतो, पण वराला उशीर झाला तेव्हा दहाही जणी झोपी गेल्या होत्या, शहाण्यासुद्धा. झोपेबद्दल त्यांना कोणी बोल लावलेला नाही. शहाण्यांजवळ तेल होते, म्हणून त्यांना झोपता आले. तेव्हा रात्र रात्र मोबाइलवर भाकितांचे व्हिडिओ पाहत जागणे ही तयारी नव्हे. ते तेल ऐन वेळी उसनेही मिळत नाही: प्रार्थना, वचनाचे वाचन, ज्याच्याशी अबोला धरला आहे त्याच्याकडे जाऊन केलेला समेट, हे ज्याचे त्याने आधीच करून ठेवायचे असते.

हा दाखला ज्या प्रवचनात आहे, त्यातच प्रभू एका विश्वासू दासाविषयी बोलतो. त्याचे काम एवढेच, की घरातल्या माणसांना वेळच्या वेळी जेवण द्यायचे. धनी येईल तेव्हा तो हेच करताना सापडला, तर तो धन्य. आमच्या मंडळीतल्या एक मावशी, निवृत्त परिचारिका, दर गुरुवारी परळच्या कर्करोग रुग्णालयाजवळ फुटपाथवर राहणाऱ्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या नातेवाइकांसाठी मऊ खिचडी घेऊन जातात. त्यांच्या पिशवीत एक लहान वही असते आणि तिच्यात कोणाच्या तोंडात फोड आले आहेत, कोणाला तिखट चालत नाही, कोणाला फक्त पेज द्यायची, अशा नोंदी असतात. गावी परतलेल्यांची नावे त्या खोडत नाहीत, त्यांच्यासाठी प्रार्थना करतात. शेवटच्या काळावर त्यांनी केलेले भाष्य मी कधी ऐकलेले नाही, पण तयारीविषयी विचारणाऱ्यांना मी त्यांच्याबरोबर एक गुरुवार जायला सांगतो.

आता आशेविषयी, कारण तिच्यावाचून ही सगळी नुसती शिस्त उरेल. शिवडीच्या दफनभूमीत मी अनेकदा उभा राहिलो आहे. मुंबईत जागा इतकी अपुरी, की अनेक कबरी काही वर्षांनी दुसऱ्या कुणासाठी पुन्हा उघडाव्या लागतात. आईच्या नावाचा क्रूस तिथे कायम राहील, एवढा दिलासाही कित्येक मुलांना मिळत नाही. तिथे पाळक प्रेषित पौलाने थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला लिहिलेले शब्द वाचतात. इसवी सन 50 च्या सुमारास त्या मंडळीत काही जण वारले होते आणि प्रभू येईल तेव्हा ते मागे राहतील की काय, या काळजीने उरलेले खचले होते. ख्रिस्तामध्ये मेलेले आधी उठतील, असे पौल त्यांना कळवतो आणि या वचनांनी एकमेकांचे सांत्वन करा, असे सांगतो. शेवटच्या काळाची शिकवण पौलाने शोक करणाऱ्यांच्या हाती दिली, हे लक्षात घेतले की तिचा धाक दाखवून माणसे गोळा करणाऱ्यांचे मला फार वाईट वाटते. जो येणार आहे, त्याच्या हातांवर खिळ्यांचे व्रण आहेत. त्याची मला भीती वाटत नाही, ओढ वाटते.

राहिला एक प्रश्न, जो अलीकडे तरुण जोडपी विचारतात: शेवट जवळ असेल तर वीस वर्षांचे गृहकर्ज घ्यावे का? कामधंदा सोडून बसलेल्यांना पौलाने त्याच मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात खडसावले आहे, तेवढे उत्तर खरे तर पुरेसे आहे. तरी मी त्यांना बायबलच्या जुन्या करारातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 32 वा अध्याय काढून देतो. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातलेला असताना आणि स्वतः कैदेत असताना यिर्मयाने अनाथोथचे शेत सतरा शेकेल रुपे तोलून विकत घेतले, साक्षीदारांसमोर सही केली आणि खरेदीखत पुष्कळ दिवस टिकावे म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला सांगितले. परमेश्वराने त्याला त्या देशातल्या उद्याच्या दिवसांचे वचन दिले होते, आणि आपल्याला तर नव्या पृथ्वीचे दिले आहे. म्हणून विरारला घर मिळत असेल तर घ्या, हप्ता झेपेल एवढाच ठेवा, आणि गावाहून उपचारासाठी आलेल्या एखाद्याला चार दिवस राहता येईल एवढी जागा त्यात धरा.