नाही म्हणण्याचं उद्दिष्ट आयईपीत (मुलाच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात) कुठे आहे?

गेममधल्या चॅटमध्ये एकाखाली एक सूचना होत्या, प्रत्येक दोन-तीन शब्दांची. खोलीत जा. दार लाव. आवाज बंद कर. कॅमेरा चालू कर. प्रत्येक सूचनेखाली मुलाचं उत्तर एकच: 'झालं'. आणि प्रत्येक 'झालं'नंतर समोरच्या माणसाकडून गेममधली नाणी. पुढची सूचना यायच्या आत आजी खोलीत आली, म्हणून प्रकार तिथेच थांबला.

मुलगा पंधरा वर्षांचा. सौम्य बौद्धिक अक्षमता, छोटी वाक्यं वाचता-लिहिता येतात. ओळख पटेल असा सगळा तपशील मी इथे बदलला आहे. जबाबाच्या वेळी विशेष शिक्षक हवा म्हणून पोलिसांनी मला बोलावलं. लैंगिक अत्याचारापासून मुलांचं संरक्षण करणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम २६मध्ये तशी सोय आहे: मूल दिव्यांग असेल तर जबाब घेताना विशेष शिक्षकाची किंवा मुलाची बोलण्याची पद्धत ओळखणाऱ्या माणसाची मदत घेता येते. बहुतेक ठिकाणी या तरतुदीची आठवण पालकांनाच करून द्यावी लागते. इथल्या महिला उपनिरीक्षकांनी स्वतःहून फोन केला आणि साध्या कपड्यांत मुलाच्या घरी आल्या. अशा अधिकारी दर वेळी भेटत नाहीत.

जबाबाआधी मी अर्धा तास मागून घेतला. त्या वेळात घटनेबद्दल चकार शब्द काढायचा नसतो. मूल 'हो' कसं म्हणतं, 'नाही' कसं म्हणतं आणि 'माहीत नाही' असं त्याला म्हणता येतं का, एवढंच पाहायचं. मी विचारलं, "माझ्या पिशवीत काय आहे?" तो म्हणाला, "डबा." त्याने पिशवी उघडून पाहिली नव्हती. माहीत नसलं तरी उत्तर द्यायचंच, अशी सवय असलेलं हे मूल. मग 'माहीत नाही' लिहिलेलं एक कार्ड त्याच्यासमोर ठेवलं आणि पिशवीचाच खेळ पुन्हा खेळून ते वापरायला शिकवलं. त्याने कार्डाला हात लावला की मी "बरोबर, तुला माहीत नाही" म्हणायचे. वेळेचंही तेच. 'किती वाजता' याला त्याच्याकडे अर्थ नाही, म्हणून दिनक्रमाची चित्रपट्टी मांडली: आंघोळ, नाश्ता, शाळा, खेळ, जेवण, झोप. त्याने खेळ आणि जेवण यांच्या मध्ये बोट ठेवलं. चॅटवरच्या वेळेशी ते तंतोतंत जुळलं.

अडचण नंतर आली. उपनिरीक्षकांनी विचारलं, "फोनवरच्या माणसाला तू भेटला आहेस का?" तो म्हणाला, "नाही." त्यांनी खात्रीसाठी तोच प्रश्न पुन्हा विचारला. तो म्हणाला, "हो." तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं.

वर्गात आपण प्रश्न पुन्हा केव्हा विचारतो? उत्तर चुकलं असेल तेव्हा. दहा वर्षं शाळेत हेच अनुभवलेलं मूल दुसऱ्यांदा तोच प्रश्न ऐकला की आपलं उत्तर बदलतं. ते खोटं बोलत नसतं, शिकवलेलं पाळत असतं. मी हे तिथेच सांगितलं, उपनिरीक्षकांनी ते जबाबात नोंदवून घेतलं, आणि जबाबाचं व्हिडिओ रेकॉर्डिंग चालू असल्यामुळे कोणतं उत्तर कोणत्या क्रमाने आलं हेही जपलं गेलं. दिव्यांग मुलाच्या जबाबाला व्हिडिओ नसेल तर पुढे कोर्टात 'मुलाने बयान बदललं' एवढंच उरतं.

चॅटची छापील प्रत मी त्या संध्याकाळी पुन्हा पाहिली. हात धुणं शिकवताना आपण कामाचे तुकडे पाडतो: नळ सोड, हात ओले कर, साबण घे, चोळ. एका वेळी एक सूचना, कमीत कमी शब्द. मूल 'झालं' म्हणतं, आपण टोकन लावतो, पाच टोकन झाली की आवडीची वस्तू. हे कार्य विश्लेषण आपल्या क्षेत्रातलं सर्वांत भरवशाचं साधन आहे आणि माझा त्यावर आजही पूर्ण विश्वास आहे. पण त्या माणसाने नेमकी हीच रचना वापरली होती. त्याला विशेष शिक्षणाचं ज्ञान असेल असं मला वाटत नाही. छोटी सूचना आणि लगेच बक्षीस, हे कोणावरही चालतं. आपल्या मुलांवर जास्त चालतं, कारण सूचना कोणाची आहे हे तपासायला आपण त्यांना कधी शिकवलेलंच नाही. त्यांच्या आयईपीत 'सूचना पाळतो' हे उद्दिष्ट दर तिमाहीला असतं. 'सूचना नाकारतो' हे मी आजवर एकाही आयईपीत वाचलेलं नाही.

दुसऱ्या जिल्ह्यात काही विशेष शाळांचं एकत्र प्रशिक्षण होतं, ऑनलाइन सुरक्षेचं. पालकांची लेखी परवानगी घेऊन, शब्द बदलून, ती चॅट मी तक्त्यावर लिहिली. पदवीधर शिक्षक सायबर कायद्यावर बोलत राहिले. मागे बसलेल्या, मुलांची देखभाल करणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "बाई, आम्ही आंघोळीला असंच बोलतो." विशेष शिक्षकांची नोंदणी करणाऱ्या पुनर्वास परिषदेत त्यांची नोंद नाही. अशा प्रशिक्षणांत शिक्षकांना सीआरईचे (निरंतर पुनर्वसन शिक्षणाचे) गुण मिळतात, मावशींना काहीच मिळत नाही, म्हणून संस्था त्यांना सहसा पाठवतही नाहीत. वसतिगृहात रात्री आठ ते दहा, मुलांच्या हातात फोन असतो तेव्हा, तिथे फक्त मावशी असतात. ही व्यवस्था उलटी आहे आणि ते मी अहवालातही लिहिलं.

'अनोळखी माणसाशी बोलू नको' हा नियम या मुलांसाठी निरुपयोगी आहे. तीन दिवस रोज बोलणारा माणूस त्यांच्या हिशेबात ओळखीचाच झालेला असतो. त्याऐवजी फोनच्या कव्हरमागे किंवा वहीच्या पहिल्या पानावर पाच खऱ्या चेहऱ्यांचे फोटो लावायचे आणि नियम एकच: फोनवर या पाच जणांशीच बोलायचं. सहावा आला की फोन मोठ्यांच्या हातात. रेखाचित्रं चालत नाहीत, फोटोच हवेत, आणि मावशी किंवा ताई बदलली की त्याच दिवशी फोटो बदलायचा. हे राहून जातं आणि मग तक्ता शोभेचा होतो.

नाकारणं शिकवायला दिवसातून दोन वेळा मुद्दाम अयोग्य सूचना द्यायची. "चप्पल डोक्यावर ठेव." मुलाने 'नाही' म्हटलं, मान हलवली किंवा चित्रांच्या बोर्डवरचं 'नको' दाखवलं की टोकन. ते जमलं की सूचनेसोबत चॉकलेट दाखवायचं. नंतर तीच सूचना दोनदा करायची. मग ती शिपाईकाकांनी द्यायची, आणि शेवटी फोनवर लिहून पाठवायची. ही शेवटची पायरी गाळली तर सगळं वाया जातं. समोर उभ्या माणसाला 'नाही' म्हणणारं मूल स्क्रीनवर 'झालं' लिहितं, हे मी पाहिलं आहे.

दोन आठवड्यांत मुलं आंघोळीला आणि गोळीलाही 'नाही' म्हणू लागतात, आणि मावशी वैतागतात. त्यांचा वैताग रास्त आहे. म्हणून आंघोळ, औषध, दवाखाना या नाकारता न येणाऱ्या गोष्टींची हिरवी कार्डं वेगळी करायची आणि ती कोण दाखवू शकतं हेही ठरवायचं. हिरवं कार्ड फोनवरून कधीच येत नाही, हे मुलाला वेगळं शिकवावं लागतं.

न बोलणाऱ्या मुलांच्या कम्युनिकेशन बोर्डवर भूक, शू, झोप, खेळ असतं. शरीराच्या खाजगी अवयवांची चित्रं, 'थांब', 'मला आवडलं नाही', 'कुणाला सांगू नको म्हणाला' ही बटणं नसतात. पालकांना संकोच वाटतो म्हणून आपण ती काढून टाकतो, आणि मुलाकडे तक्रार करायला शब्दच उरत नाही.

मुलाने काही सांगितलं तर त्याचे शब्द आणि खुणा जशाच्या तशा कागदावर, वेळ टाकून. 'हो-नाही'चे प्रश्न नकोत, "सांग" एवढंच. फोन विमान मोडवर टाकायचा आणि चॅट पुसायची नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट करायला गेलं की चॅट काढून टाकण्याचा पर्याय तिथेच समोर येतो, तो निवडायचा नाही. मुलाचं आक्षेपार्ह चित्र असेल तर त्याचा फोटो काढायचा नाही, मुख्याध्यापकांनाही पाठवायचा नाही, ते पाठवणं हाच गुन्हा आहे. खातं, नंबर, तारीख हातानं लिहायची. मग पोक्सोच्या कलम १९नुसार थेट पोलिसांना कळवायचं, शाळेच्या समितीची वाट पाहायची नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे, हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. १०९८ (चाइल्ड हेल्पलाइन) आणि १९३० (सायबर गुन्ह्यांची हेल्पलाइन) हे दोन नंबर मावशींच्या खोलीत लावायचे, कार्यालयात नव्हे.

प्रशिक्षणात हे सगळं सांगायला दोन तास लागले. दुपारी एका शाळेने विद्यार्थ्यांचे फोटो नाव आणि निदानासह ग्रुपवर टाकले, कारण उपक्रमाचा पुरावा त्याच दिवशी वर पाठवायचा होता. वरच्या कार्यालयाने फोटो मागणं बंद केल्याशिवाय हे थांबणार नाही.

पुढचं सत्र रात्रपाळीच्या मावशींसाठी, वसतिगृहातच, संध्याकाळी घ्यायचं असं मी सुचवलं आहे. तेवढा वेळ मुलांजवळ बदली माणूस लागेल. त्याचे पैसे कोणी द्यायचे, यावर संस्थेशी पत्रव्यवहार चालू आहे.